माउलीकडे मागितलेले

पत्र शुक्रवारी आले. त्यानंतरच्या चार दिवसांत मी ते किती ठिकाणी ठेवले याचा हिशेब लागणार नाही. आधी कपाटात, साड्यांच्या घडीखाली. मग शाळेच्या हजेरीपुस्तकात. मग देव्हाऱ्याच्या मागे, आणि तिथेही राहवेना म्हणून शेवटी पर्सच्या आतल्या कप्प्यात. कुठेही ठेवले तरी ते तिथे आहे हे मला घरभर जाणवत राही. पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात ‘घरभर’ म्हणण्यासारखी जागा तरी कितीशी! तरीही मी रात्रीच्या पोळ्या करता करता दोनदा उठून पर्सची चेन नीट लागली आहे ना, ते पाहून आले.

पत्र माझ्या पतींचे होते. ते मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात नोकरीला होते आणि सहा-सात महिन्यांच्या खेपा करीत. एका दूरच्या बंदरात डेकवरचा विंच, म्हणजे दोरखंड ओढणारे यंत्र, दुरुस्त करताना त्यांचा उजवा हात त्यात सापडला होता. मनगटापासून काढावा लागला. हे त्यांनी डाव्या हाताने लिहिले होते, पहिलीतल्या मुलाने पाटीवर गिरवावे तशा अक्षरात, आणि म्हणूनच बहुधा सारे पत्र अवघ्या नऊ ओळींचे होते. ‘आता बरा आहे. पंधरवड्यात विमानाने पाठवतील. आईला काही कळवू नकोस. मी आल्यावर माझ्या तोंडाने सांगेन.’ शेवटची दोन वाक्ये त्यांनी अधोरेखित केली होती. ती रेघदेखील सरळ आली नव्हती.

माझ्या सासूबाई उरणकडच्या एका गावात राहत. त्यांची सारी हयात मिठागरात गेली. मुलगा शिकला, नोकरीला लागला, पनवेलला त्याने घर घेतले, तरी त्या इकडे राहायला आल्या नाहीत. “तुमच्या बिल्डिंगीत वारा कुठला गो, नुसता पंखा,” असे म्हणत. मी पुण्याच्या नोकरदार घरातली, शाळेत इतिहास शिकवणारी. चाळीस मुलांसमोर बोलायला मला कधी संकोच वाटला नाही, मात्र एका माणसासमोर बसून एक अवघड वाक्य उच्चारायचे म्हटले की माझ्या जिभेचे जणू लाकूड होई. सासूबाईंना वाचता येत नसे. मुलाचे पत्र आले की रविवारी मी उरणची एसटी पकडून जायची आणि त्यांना ते वाचून दाखवायची, असा आमचा परिपाठ होता.

त्या रविवारीही मी गेले. न जाऊन चालले नसते, कारण पत्र आल्याचे पोस्टमनकडून आमच्या शेजारणीला आणि शेजारणीकडून एसटीच्या कंडक्टरला कळले होते, म्हणजे ते गावात पोचलेच होते. मी ओटीवर बसून पत्र उघडले आणि जे लिहिले नव्हते ते वाचले. तिकडे थंडी आहे. जेवण बरे आहे. जहाजावर एक केरळचा स्वयंपाकी आला आहे, तो भात चांगला करतो. सासूबाई ऐकता ऐकता माझ्या हातातल्या कागदाकडे पाहत होत्या.

“अक्षर असं कसं गो वाकडं आलंय याचं?”

“जहाज हलतं ना, आई,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. समुद्र हलतो हे त्यांना मी सांगायला नको होते. निघताना त्या म्हणाल्या, “मंगलवारी शाला नाय ना तुजी? मोऱ्याला ये सकाली. माउलीला आगबोट वाह्याची हाय.”

मंगळवारी शाळेला कसलीशी सुट्टी होती. ती नसती तर बरे झाले असते, असे मला पनवेलपर्यंतच्या परतीच्या वाटेत वाटत राहिले.

वांद्र्याच्या टेकडीवरच्या चर्चमधल्या मोतमाउलीला सासूबाईंच्या माहेरचे सारे जण फार पूर्वीपासून मानत. एकवीरा ही आई आणि ही तिची बहीण, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यात धर्माचा प्रश्न त्यांना कधी पडलेला मी पाहिला नाही. तिथे नवस बोलायची रीत अशी, की जे हवे त्याची मेणाची आकृती वाहायची. पाय दुखत असेल तर पाय, मूल हवे तर मूल, घर हवे तर घर. मुलगा पहिल्यांदा समुद्रावर गेला तेव्हापासून प्रत्येक खेपेच्या मध्यावर सासूबाई मेणाचे एक जहाज वाहून येत. तोवर सहा झाली होती. सहाही वेळा माझे पती सुखरूप परतले होते.

मंगळवारी सकाळी उरणच्या मोरा बंदराच्या धक्क्यावर त्या माझ्या आधी येऊन उभ्या होत्या. लाँच लागली तशी त्यांनी माझे मनगट धरून मला फळीवरून आत घेतले. मला पाण्याची भीती वाटते हे त्या कधी बोलून दाखवत नसत, फक्त मनगट धरत. त्या दिवशी ती पकड मला नको झाली. मी हात सोडवून घेतला आणि पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग पुन्हा पहिल्या खांद्यावर.

समोरच्या बाकावर मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन त्यांच्या ओळखीच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहून डोळे बारीक केले.

“काय गो, सुनेला घेऊन माउलीकडं? नातू मागाला चाल्लीस?”

“नातू घरी व्हतो,” सासूबाई म्हणाल्या. “त्याला माउलीला कशाला तरास?”

“मग पोराला सांग की घरी राव्हाला! सात-सात महिने पान्यात राह्यला तर नातू काय टपालानं येल?”

सगळा बाक हसला. सासूबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. मी हसण्याचा प्रयत्न केला आणि तो जमला नाही, हे मला समोरच्या बाईंच्या चेहऱ्यावरून कळले.

“सून गप हाय तुजी.”

“शिकलेली हाय,” सासूबाईंनी खुलासा केला, जणू तो एक आजार होता.

लाँच चालू झाली. तासाभराच्या त्या प्रवासात मी तीनदा जागा बदलली. ऊन लागते म्हणून एकदा, डिझेलचा वास येतो म्हणून एकदा, आणि तिसऱ्यांदा कारण सांगायचेही सुचले नाही. मनात एकच वाद चालला होता आणि त्याच्या दोन्ही बाजू मीच लढवीत होते. ज्याचा हात गेला त्याने सांगितले होते की आईला कळवू नकोस. तो हात त्याचा होता आणि तो शब्दही. पण ही बाई तिथे जाऊन मुलाच्या सुखरूपतेसाठी हात जोडणार, आणि मी शेजारी उभी राहून तिला तसे करू देणार? रविवारी ओटीवर मी खोटे वाचले ते एका माणसासमोर. आज ते तिच्या देवासमोर उभे राहणार होते. मी स्वतः देवभोळी नाही. तरी हा विचार माझी पाठ सोडीना.

आणखी एक गोष्ट होती, ती कबूल करायला मला पुढे बरीच वर्षे लागली. हे एकटीने जाणणे मला आता पेलवत नव्हते. सासूबाईंना सांगावे असे वाटण्यात त्यांचा विचार किती होता आणि माझी सुटका किती, हे मी आजही नीट वेगळे करू शकत नाही.

भाऊच्या धक्क्यावरून दोन बस बदलून आम्ही वांद्र्याला पोचलो आणि टेकडीचा चढ पायी चढलो. चढावर दोन्ही बाजूंना झाडे, जुने बंगले आणि मध्येच डावीकडे उघडा पडणारा समुद्र. सासूबाई माझ्यापेक्षा भरभर चढत होत्या. देवळापाशी (त्या त्याला देऊळच म्हणत) रस्त्याच्या कडेने मेणबत्त्यांची आणि हारांची दुकाने होती. त्यांच्या नेहमीच्या दुकानात फ्रॉक घातलेल्या, जाड चष्म्याच्या एक वयस्कर बाई बसल्या होत्या. समोरच्या फळीवर सगळ्या प्रकारचे मेण मांडलेले: पाय, डोळ्यांच्या जोड्या, पाळण्यातली बाळे, कौलारू घरे, एक विमानसुद्धा. ते सगळे एकाच फिकट पिवळ्या रंगाचे होते, त्यामुळे डोळा आणि घर एकाच जातीच्या वस्तू असल्यासारखे दिसत.

“आली गो माजी आगबोटवाली,” चष्म्याच्या बाई म्हणाल्या. “ठेवलीय तुज्यासाठी. या वेळी दोन धुराड्यांची हाय बग.”

सासूबाईंनी जहाज हातात घेऊन उलटसुलट पाहिले, जसे त्या बाजारात मासा पाहत.

“आनि या पोरीला काय पायजे?” बाईंनी मला विचारले. “तुजं काय मागनं?”

प्रश्न साधा होता. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला त्या तो विचारत असाव्यात. “काही नाही” एवढे उत्तर पुरले असते. पण मी फळीकडे पाहत राहिले आणि माझा हात पुढे गेला. मी मेणाचा एक हात उचलला. उजवा. मनगटाशी तो सपाट कापलेला होता, कारण साच्यात तसाच येतो.

सासूबाईंनी आधी हाताकडे पाहिले, मग माझ्या दोन्ही हातांकडे. ते धड होते.

“हात कोनाचा गो?”

मी हात फळीवर परत ठेवला.

“तुज्या आईचा? बापाचा?” आणि मग, अगदी हळू, “माज्या?”

माज्या म्हणजे माझ्या मुलाचा. मी मानेनेच हो म्हटले.

त्यांनी मेणाचे जहाज फळीवर ठेवले आणि रस्ता ओलांडून समोरच्या कठड्यावर जाऊन बसल्या. मी मागोमाग गेले. तिथून खाली खडक आणि त्यापुढे सारा समुद्र दिसत होता. बंदरात शिरण्याची पाळी येईपर्यंत नांगर टाकून उभी असलेली जहाजे क्षितिजाशी दिसत होती, एकमेकांपासून अंतर राखून. दरवेळी त्या तिथे बसून मला विचारत, त्यातले आपले कुठले. त्या दिवशी त्यांनी जहाजांकडे पाहिले नाही.

“कुठला?”

“उजवा.”

“कुठनं?”

मी माझ्या मनगटावर दाखवले.

“मंग तो ठेवला कुठं त्यांनी?”

हा प्रश्न माझ्या मनात चार दिवसांत एकदाही आला नव्हता. मी म्हणाले, “माहीत नाही, आई. पत्रात नाही लिहिलेलं.”

“वाच.”

मी पर्समधून पत्र काढले आणि नऊच्या नऊ ओळी वाचल्या. अधोरेखित केलेल्याही. माझा आवाज शेवटपर्यंत टिकला. का, ते सांगता येणार नाही.

“ऐतवारी माज्यासमोर बसून खोटं वाचलंस.”

“हो.”

“चांगलं वाचलंस. तो भाताचा सैंपाकी मना खरा वाटला.”

यापेक्षा त्यांनी मला मारले असते तर बरे, असे वाटले. मी क्षमा मागायला तोंड उघडले, पण त्यांचे लक्ष माझ्याकडे नव्हतेच. त्यांचे ओठ हलत होते. काहीतरी आठवून आठवून त्या जुळवीत होत्या.

“आगबोट सुखरूप हाय ना?”

“जहाजाला काही झालेलं नाही.”

“मंग तिनं बराबर केलं,” त्या म्हणाल्या. “तिची काय चूक नाय. मी काय मागलं दर खेपेला? आगबोट नीट आन. सहा डाव आगबोट मागली आनि सहा डाव आगबोट आली. आताबी आगबोट हायच.” त्यांनी कपाळावर तळहात मारला. “पोरगा मागाचा राह्यलाच की गो! मना वाटलं, आगबोट आली की पोरगा तिच्यात हायच. मी मीठवाली बाई. गोनी मोजताना दहादा बगतंय आत मीठ हाय का रेती. आनि देवासमोर न बगता बोललंय.”

मी त्यांना समजावू लागले. मी शाळेत मुलांना समजावते तसे, कारण आणि परिणाम वेगळे करून, की विंच जुना असेल, कुणाची तरी हयगय झाली असेल, तुमच्या बोलण्याचा याच्याशी काही संबंध नाही. त्या मध्येच म्हणाल्या, “तू गप. तुला नाय कलाचं.” त्यांच्याजवळ निदान एक चूक होती, जी सुधारता येण्यासारखी होती. माझ्याजवळ तीही नव्हती.

त्या उठल्या, नाक पुसले आणि दुकानाकडे परत गेल्या. मी फळीवर ठेवलेला मेणाचा हात त्यांनी उचलला आणि चष्म्याच्या बाईंपुढे धरला.

“हा नको. डावा दे.”

“अगो बाय, मेनाला कसलं डावं-उजवं? माउलीला समजतं.”

“नाय समजत. नीट सांगावं लागतं. मागल्या खेपांना मी नीट सांगलं नाय.”

“पन तुज्या पोराचा उजवा गेला ना? मगा रस्त्यापलीकडनं आयकू आलं मना. मग डावा कशाला?”

“गेला तो गेला,” सासूबाई म्हणाल्या. “त्याचं आता काय मागू? राह्यलाय तो मागतंय.”

बाईंनी चष्मा वर सरकवून त्यांच्याकडे पाहिले, मग खाली वाकून खोक्यात हात घातला. बरीच शोधाशोध केल्यावर एक डावा हात निघाला. त्याची करंगळी साच्यात नीट भरली नव्हती. सासूबाईंनी तो नाकारला. दुसरा निघाला तेव्हा त्यांनी पाचही बोटे एकेक करून चाचपून पाहिली आणि मगच घेतला. जहाजही घेतले.

“ते कशाला आता?” मी विचारले.

“तिच्यावर आनखी लोकांची पोरं हायत.”

दारात त्यांनी चपला काढल्या. तिथे कुणी काढत नसे. मीही काढल्या. आत गार होते आणि बाकांवर तुरळक माणसे गुडघे टेकून बसली होती. एरवी सासूबाई माउलीशी मोठ्याने बोलत आणि मी चार पावले मागे थांबून छताकडे पाहत असे, कुणाला आम्ही एकत्र आहोत हे कळू नये अशा बेताने. हे लिहिताना लाज वाटते, पण ते तसे होते. त्या दिवशी मी शेजारी उभी राहिले.

“हा डावा हात,” त्यांनी सुरुवात केली. पुढच्या बाकावरची बाई वळून पाहू लागली. “मनगटासकट, पाची बोटांसकट. नखांसकट. डोले दोन. पाय दोन, चालते. कान. त्याचं डोसकं ठिकानावर ठेव, हे पन मागतंय, वेगलं. रात्री झोप दे त्याला. आनि…” त्या थांबल्या, मला कोपराने ढोसून हळूच विचारले, “आनखी काय राह्यलं गो?”

मला वाटते, त्या चार दिवसांतला तो पहिला प्रश्न होता ज्याचे उत्तर मला ठाऊक होते.

“त्यांची नोकरी,” मी म्हणाले. “त्यांना आता जहाजावर घेणार नाहीत.”

“कसलं तरी काम दे, जिमिनीवरचं,” सासूबाईंनी माउलीला सांगितले. “हे सुनेचं मागनं.”

बाहेर आल्यावर पायऱ्यांवर त्या थोड्या डगमगल्या. मी त्यांचे मनगट धरले. त्यांनी ते धरू दिले.

“त्याला कलवू नको मना ठावं हाय ते,” उतरताना त्या म्हणाल्या. “येल, सांगल. मी आयकंन. तेव्हा पयल्यांदाच आयकल्यासारखं.”

“जमेल, आई?”

“तुला जमलं ना ऐतवारी?”

यात टोमणा होता की शिकवणी मागणे, ते मला कळले नाही. दोन्ही असावे.

परतीची लाँच दुपारची होती. भाऊच्या धक्क्यावर त्यांनी भाजलेल्या शेंगांचा पुडा घेतला. लाँच सुटल्यावर त्यांनी पुडा मांडीवर उघडला, उजवा हात पदरात गुंडाळून मांडीखाली दाबून ठेवला आणि डाव्या हाताने एक शेंग उचलली. अंगठ्याने दाबली, ती निसटून फळीवर पडली. दुसरी घेतली. तिसरी दातात धरून फोडायला गेल्या, मग थांबून स्वतःशीच म्हणाल्या, “नाय, दात नाय. लोकांत बसला तर दातानं कसा फोडंल?” आणि पुन्हा अंगठ्यावर आल्या.

शेजारचा माणूस पाहत होता. पूर्वी अशा नजरेने मी लाजून अर्धी झाले असते. मी माझा उजवा हात पाठीमागे घेतला आणि डाव्या हाताने पुड्यातली एक शेंग उचलली.

“अशी आडवी नको,” त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. “उभी धर. शिरंवर दाब.”

मी उभी धरली. शिरेवर दाबले. शेंग माझ्या अंगठ्याखालून उडून समोरच्या बाकाखाली गेली. त्यांची पाचवी की सहावी फुटली तेव्हा एकच दाणा धड निघाला. त्यांनी तो खाल्ला नाही. माझ्या तळहातावर ठेवला आणि पुढची शेंग घेतली. मोरा अजून बराच लांब होता, आणि पुडा जवळजवळ भरलेला.